नाताळचा टर्की व आपली एक पंगत

(महोत्सवी वर्षाच्या आगमनकाळांत शिरूर व दौंड येथील धर्मग्रामस्थांपुढें दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें उभें राहून पक्षी कसा भाजावा हें सांगावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. मिशनऱ्यांचे श्रम, धर्मभगिनींची सेवा, शाळा, देऊळ हे विषय इतर वक्त्यांनीं घेतले आहेत, व ते आमच्याहून चांगले मांडतील. आमच्या वांट्यास स्वयंपाकघर आलें. तें आम्हीं आनंदानें पत्करलें; कारण गेले दोन महिने आपल्या दोन्ही गांवच्या मंडळींत ज्या गोष्टीवरून बोलाचाली चालली आहे, ती गोष्ट देवळांतली नसून पंगतींतली आहे.

झालें तें असें. दौंडच्या कांहीं तरुणांनीं सुचविलें कीं, यंदा दोन्ही गांवें मिळून जें नाताळचें जेवण व्हावयाचें आहे त्यांत टर्की असावा. जुन्या रेल्वे-वसाहतींत तो असे, त्याची आठवण राहील. सूचना चांगली होती. परंतु टर्की महाग. म्हणून त्याचीं कुपनें काढावीं असें कोणी म्हणालें. मग कुपनवाल्यांचें व पाहुण्यांचें टेबल मंडपाच्या एका अंगास मांडावें, आणि इतरांस नेहमींप्रमाणें रस्सा-भात वाढावा, इथपर्यंत मजल गेली. हें ऐकून शिरूरकडील मंडळी म्हणाली, "तो साहेबलोकांचा पक्षी, साहेबांनींच खावा. आम्ही आमची पंगत घोडनदीवर मांडूं." अशा रीतीनें त्या पक्ष्यानें भट्टींत जाण्याआधींच आपल्या एका पंगतीच्या दोन केल्या.

प्रथम शिरूरकडील आक्षेपाचा विचार करूं. टर्की हा खरोखर साहेबांचा पक्षी आहे काय? त्याचें मूळ घर मेक्सिको. युरोपांतील माणसानें तो देश पाहण्याच्या कित्येक शतकें आधीं तेथील गांवकऱ्यांनीं त्याला रानांतून आणून अंगणांत पाळलें. मक्याचे दाणे टिपीत दारापुढें हिंडणारा तो शेतकऱ्याचा पक्षी. सोळाव्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला, आणि तेथें त्याच्या नांवाचा मोठा घोटाळा झाला. इंग्रजांनीं त्याला तुर्कस्तानचा ठरविलें, फ्रेंचांनीं हिंदुस्थानचा, डच लोकांनीं तर थेट आपल्या मलबारांतील कालिकतचें नांव त्याला दिलें, आणि ज्या तुर्कांच्या नांवावर इंग्रजांनीं तो खपविला ते तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात! ज्याला त्याला तो दुसऱ्याचाच वाटला. पोर्तुगीजांनीं त्याला 'पेरू' म्हटलें व तोच शब्द हिंदुस्थानी बोलींत 'पीरू' होऊन राहिला. आपल्या मंडळींतील एक गोंयकार आजीबाई एकदां म्हणाल्या, "आमच्याकडे सणाला पेरू भाजीत," तेव्हां घोडनदीच्या मुलांनीं त्यांना विचारलें कीं, कच्चे भाजीत कीं पिकलेले.

हा पक्षी इंग्रजांच्या आगगाडींतून आपल्या देशांत आला, असें समजणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १६१२ सालीं मुकर्रबखान नांवाच्या सरदारानें गोव्याहून जे अपूर्व पशुपक्षी बादशहा जहांगीर याच्या दरबारीं नेले, त्यांत हा होता. बादशहानें आपल्या आठवणींत त्याचें वर्णन केलें आहे. त्याच्या डोक्याचे व मानेचे रंग सरड्यासारखे पालटतात याचें त्याला फार कौतुक वाटलें. उस्ताद मन्सूर यानें काढलेलें त्याचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. आपल्याकडे पहिली आगगाडी धांवली ती १८५३ सालीं. तेव्हां हा पक्षी साहेबाच्या मालकीचा मानून त्यावर रुसण्याचें शिरूरकरांस कारण नाहीं.

दौंडला मात्र तो आगगाडीच्याच पायांनीं आला. मुंबईहून सोलापुराकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. १८७८ सालीं मनमाडचा फांटा त्याला येऊन मिळाला, आणि 'धोंड' हें जंक्शन झालें. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन अशा हुद्द्यांवर अँग्लो-इंडियन कुटुंबें आलीं, त्यांत कॅथलिक पुष्कळ. नाताळला त्यांच्या टेबलावर टर्की असे, तो न मिळाल्यास बदक. १९४७ नंतर त्यांपैकीं बहुतेक घरें इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेलीं.

पण तो पक्षी भाजीत कोण? आपल्या एका वयोवृद्ध धर्मबांधवानें, जो आज हयात नाहीं, आम्हांस सांगितलें होतें कीं, त्याचे वडील अशाच एका बंगल्यावर स्वयंपाकी होते. बंगल्याच्या मागें वेगळें स्वयंपाकघर, ओव्हन नाहीं. मोठ्या देगेच्या तळाशीं वाळू, तींत तिवई, तिवईवर पक्षी. खालीं लांकडाचा मंद जाळ आणि वरच्या झांकणावर निखारे. अर्ध्या-अर्ध्या तासानें वरचे निखारे बदलावयाचे, खालचा जाळ मागें ओढावयाचा. वडील घड्याळ पाहत नसत. झांकणाच्या फटींतून येणाऱ्या वासावरून त्यांना कळे. भाजलेला पक्षी टेबलावर जाई. त्यांच्या वांट्यास मान, पंखांचीं टोकें व कलेजी-पेटा येई. त्याचा रस्सा घरीं आई करी, आणि तो सगळ्या आळीला पुरे. तो म्हातारा आम्हांस म्हणाला, "फादर, रस्सा मीं दरसाल खाल्ला. छातीचा तुकडा कसा लागतो तें बानें कधीं सांगितलें नाहीं, कारण त्यालाहि ठाऊक नव्हतें."

दौंडच्या ज्या तरुणांना टर्की ही आपली परंपरा वाटते, त्यांतील कित्येकांचे पणजोबा त्या टेबलाशीं बसलेले नव्हते. ते देगेशीं उभे होते. म्हणूनच कुपनाची कल्पना आम्हांला रुचली नाहीं. ती सुचविणाऱ्यांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. हिशेब त्यांना सांभाळावयाचा होता. परंतु संत पौलानें करिंथ येथील मंडळीस जें पत्र लिहिलें त्याचा अकरावा अध्याय त्यांनीं घरीं जाऊन वाचावा. तेथेंहि मंडळी देवाच्या नांवानें एकत्र येई, आणि जो तो आपलें जेवण आधीं उरकी. एकजण तृप्त, दुसरा उपाशी. प्रेषितानें त्यांना दिलेला ठपका फार कडक आहे. सकाळीं एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घ्यावा आणि दुपारीं मंडपांत दोन अंगांस बसावें, हें आमच्या हातून होणार नाहीं.

तेव्हां ठरलें तें असें. कुपन नाहीं. टर्की सहा आणावयाचे. देवळाच्या दाराशीं पेटी ठेविली आहे. ज्याला जें टाकावयाचें तें त्यानें टाकावें, पाकिटावर नांव घालूं नये. ऊसतोडीचा हंगाम चालू आहे व आपलीं कांहीं कुटुंबें फडावर आहेत, त्यांना एक विनंती आहे: नाताळसाठीं म्हणून मुकादमाकडून नवी उचल घेऊं नका. लेंकरांना नवे कपडे नसले तरी चालतील, पेटींत तुमचा रुपया नसला तरी चालेल; पंगतींत मात्र तुम्ही हवेत. त्या दिवसापुरती फडावरून येण्याजाण्यास गाडीची सोय केली आहे.

आतां भाजण्याकडे वळूं. सहा पक्षी भाजतील एवढा ओव्हन आपणांपैकीं कोणाकडेहि नाहीं. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. इंग्लंडांतील गरिबांकडेहि तो नसे. चार्ल्स डिकन्स यांची १८४३ सालीं निघालेली नाताळची प्रसिद्ध कथा ज्यांनीं वाचली असेल त्यांना आठवेल कीं, त्यांतील गरीब कारकुनाच्या घरचें हंस पाववाल्याच्या भट्टींत भाजावयास दिलेलें असतें, आणि पोरें तें आणावयास धांवत जातात. (कंजूष मालकाला उपरति झाल्यावर तो त्या घरीं टर्की धाडतो, ती गोष्ट निराळी.) तोच मार्ग आपण धरला आहे. दौंडच्या एका मुसलमान बेकरीवाल्या बांधवानें नाताळच्या सकाळीं पावाचा शेवटचा घाणा निघाल्यावर आपली भट्टी देऊं केली आहे. पैसे घेण्यास तो तयार नाहीं. त्याची अट एकच: आंत डुकराचें मांस अगर चरबी जाऊं नये. ही अट रास्त आहे व ती अक्षरशः पाळली जाईल. टर्कीच्या छातीवर डुकराच्या चरबीचे काप पसरण्याची जुनी रीत कोणास ठाऊक असल्यास त्यानें ती या खेपेस विसरावी. लोण्यानें तेंच काम होतें.

भाजण्यासाठीं मादी बरी. तिचें मांस नराहून कोंवळें. साफ केल्यावर ६ किलोंच्या आसपास भरेल असा पक्षी घ्यावा. याहून मोठा पक्षी दिसावयास भव्य, पण बाहेर कोरडा व आंत कच्चा राहण्याची भीति अधिक. गोठविलेला मिळाल्यास तो फ्रीजमध्येंच वितळूं द्यावा: दर दोन किलोंस एक दिवस, म्हणजे ६ किलोंस तीन दिवस. घाईनें ओट्यावर किंवा उन्हांत ठेविल्यास बाहेरचें मांस नासूं लागतें आणि पोटांत बर्फ तसाच असतो. जिवंत आणल्यास २३ तारखेस कापून, साफ करून थंड ठेवावा. कापल्याबरोबर भाजलेलें मांस ताठर होतें.

येथें आमच्या भगिनी रागावतील असें एक सांगावयाचें आहे. कच्चा पक्षी नळाखालीं धरून खळखळून धुऊं नये. धुण्यानें रोगजंतु जात नाहींत. शिंतोड्यांबरोबर ते शेजारच्या कोथिंबिरीवर व भांड्यांवर जातात. आंतून-बाहेरून स्वच्छ कागदानें किंवा फडक्यानें टिपावा, फडकें लगेच उकळत्या पाण्यांत टाकावें, हात साबणानें धुवावे. जंतूंना मारावयाचें काम विस्तवाचें आहे.

२४ तारखेच्या सकाळीं मीठ लावावें: दर किलोस सपाट दीड लहान चमचा, आंतून, बाहेरून आणि शक्य तेथें कातडीखालीं. मग उघडाच फ्रीजमध्यें ठेवावा, म्हणजे कातडी सुकते व भाजल्यावर कुरकुरीत होते. फक्त त्याच्या शेजारीं दुसरें अन्न ठेवूं नये. जुन्या नियमाप्रमाणें २४ तारीख उपवासाची व मांसवर्ज्य असे. तो नियम आज बंधनकारक नाहीं. तथापि त्या दिवशीं घरांत मांस शिजलें नाहीं तर दुसऱ्या दिवशींची भूक कांहीं निराळीच असते, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

मसाल्याचे बाबतींत हात आंखडावा. तीन-साडेतीन तासांच्या आंचेंत तिखट करपतें व कडू होतें. मऊ लोण्यांत ठेंचलेला लसूण, भरडलेले मिरें व लिंबाची किसलेली साल कालवून तें छातीच्या कातडीखालीं बोटांनीं सरकवावें. पोटांत कांदा, आलें, अर्धें लिंबू व कोथिंबिरीच्या काड्या, त्याहि सैल. पाव, बटाटा व खिमा यांचें सारण पुष्कळांस आवडतें. तें वेगळ्या भांड्यांत भाजावें. पोटांत गच्च भरलेलें सारण तापण्यास इतका वेळ घेतें कीं, तें शिजेपर्यंत छातीचें लांकूड होतें.

या पक्ष्याची खरी अडचण हीच आहे. छाती लवकर शिजते व लगेच कोरडी पडते; मांडीस अधिक आंच लागते, नाहीं तर ती चिवट राहते. एकाच अंगावर दोन स्वभाव! उपाय असा: परातींत कांद्याच्या जाड चकत्या पसरून त्यांवर पक्षी पहिला तासभर पालथा ठेवावा, म्हणजे पाठ व मांड्या आंच घेतात व छाती खालीं ओलाव्यांत राहते. मग उताणा करून वितळलेल्या लोण्यांत भिजविलेलें स्वच्छ मलमल छातीवर पांघरावें. अखेरच्या अर्ध्या तासांत तें काढावें, म्हणजे रंग येतो.

पावाचा घाणा निघाल्याबरोबर भट्टी फार तापलेली असते. दार उघडें टाकून ती थोडी निवूं द्यावी. आपणांस साधारण १६५ अंश सेल्सिअस हवें. तें केव्हां होतें हें पाववाला हात आंत धरून सांगूं शकतो, आणि त्या कामीं त्याच्यापुढें कोणीं शहाणपणा करूं नये. पण पक्षी झाला कीं नाहीं हें ठरवावयास अंदाज पुरेसा नाहीं. स्वयंपाकाचा तापमापक मिळतो, तो आम्हीं आणविला आहे. त्याची सुई मांडीच्या सर्वांत जाड भागांत, हाडाला न टेकवितां खुपसावी. ७४ अंश झाल्याखेरीज पक्षी बाहेर काढूं नये, आणि छातींतहि पाहिल्याखेरीज सोडूं नये. गेल्या आठवड्यांत एक उत्साही गृहस्थ तापाचा तापमापक घेऊन आले होते. तो बेचाळीसाच्या पुढें जात नाहीं. टर्कीला ताप आहे एवढेंच तो सांगेल.

बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास पक्ष्यास कोणीं हात लावूं नये. लगेच सुरी घातली तर सगळा रस परातींत वाहून जातो. कापतांना प्रथम मांड्या सांध्यांतून सोडवाव्या, मग छातीचे दोन्ही भाग हाडापासून अखंड उतरवून आडवे काप करावे.

कापण्याच्या कामीं दोघे दौंडचे व दोघे शिरूरचे असावे असें आम्हीं योजिलें आहे, आणि त्याचें कारण उघड सांगतों. छाती पाहुण्यांस व तंगडी गांवास अशी वांटणी होणें नाहीं. ६ किलोंच्या पक्ष्यांतून हाडें व आटलेला रस वजा जातां अडीच-पावणेतीन किलो मांस हातीं येतें. ताटास सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम धरले तर पस्तीस ताटें होतात. सहा पक्ष्यांचीं दोनशें दहा. आपली संख्या दोनशेंच्या आंतबाहेर आहे. म्हणजे प्रत्येक ताटांत छातीचा एक काप व मांडीचा एक तुकडा निश्चित पडतो, दुसऱ्यांदा मागणारास मात्र मिळणार नाहीं. महागुरुस्वामी आले तर त्यांनाहि एकच.

दुसऱ्यांदा मागावयाचा तो रस्सा. सहा माना, बारा पंखांचीं टोकें व सगळा कलेजी-पेटा शिरूरच्या भगिनींच्या स्वाधीन होईल. त्यांचा काळा मसाला, भाजलेल्या कांद्याखोबऱ्याचें वाटण आणि भट्टींतील परातींत उतरलेला रस यांचा जो रस्सा होईल, तो त्या म्हाताऱ्याच्या आईच्या रश्शाच्या जातीचा असेल अशी आमची समजूत आहे. तो सर्वांच्या ताटांत पडेल. बाजरीच्या भाकरी घोडनदीकडून येतील, पाव बेकरींतून.

उरलेलें मांस दोन तासांच्या आंत फ्रीजमध्यें गेलें पाहिजे. मंडपांत संध्याकाळपर्यंत झांकून ठेवूं नये. हाडें फेंकूं नयेत, त्यांचें सूप संध्याकाळीं आजारी व घरीं राहिलेल्या मंडळींस पोहोंचवावयाचें आहे. ज्यांना आपल्या घरीं असें कांहीं करून पाहावयाचें असेल त्यांनीं टर्कीच्या मागें न लागतां गांवरान कोंबडी घ्यावी व वर सांगितलेल्या देगेच्या रीतीनें, मोठ्या पातेल्यांत वाळू व झांकणावर निखारे ठेवून भाजावी. मात्र ७४ अंशांचा नियम तिलाहि आहे.

आतां कामाची वांटणी. भट्टीशीं ज्यांची पाळी आहे त्यांनीं मध्यरात्रीच्या मिस्साला हजर राहावें, कारण सकाळच्या मिस्साच्या वेळीं ते मोकळे नसतील. पक्षी आठ वाजतां भट्टींत जातील, साडेबाराला पंगत बसेल. मंडपांत टेबल मांडावयाचें नाहीं, सगळ्यांच्या सतरंज्या. ज्यांना गुडघ्यांमुळें खालीं बसवत नाहीं त्यांच्यासाठीं खुर्च्या त्याच रांगेंत ठेवाव्या. आणि ज्यांच्या घरीं मोठी परात आहे त्यांनीं ती २३ तारखेपर्यंत आणून द्यावी. बुडाला नांव घातलेलें असावें, म्हणजे परत करतांना गेल्या सणासारखा घोटाळा होणार नाहीं.